नाखवा, विसर्जनाच्या संध्याकाळचं बोलू या

«ताई, मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरचा. वय ४४. स्वतःची ट्रॉलर आहे. बायको पर्यटकांसाठी घरातल्या दोन खोल्या चालवते. सिगरेटला पंचवीस वर्षं झाली. दिवसाला पंधरा, समुद्रात गेलो की वीस. डोळे उघडले की चहाआधी एक लागतेच. यंदा शिमग्यात पालखी नाचवताना दम लागून खाली बसलो. डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली आणि सिगरेट सोडायला सांगितली. याआधी दोनदा सोडून झाली आहे. एकदा नुसत्या मनाच्या जोरावर अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी पहाटे जाळं ओढून झालं, बोट चालवणाऱ्या तांडेलानं सवयीनं पाकीट पुढं केलं आणि मी घेतली. दुसऱ्यांदा मेडिकलमधून निकोटीनचं च्युइंगम आणलं. मळमळ आणि उचक्या सुरू झाल्या, चौथ्या दिवशी टाकून दिलं. आता भाचा दुबईहून आलाय. त्यानं ई-सिगरेट आणली आहे. म्हणतो, मामा, ही नुसती वाफ, सहा महिने हिच्यावर राहा, मग हीपण सोडा. बायको म्हणते, एक काढून दुसरं लावताय. खलाशी म्हणतात, सोडायची तर मर्दासारखी सोडा, हे पोरांचं खेळणं कशाला. माझा विचार असा की घरी ही वापरावी, बोटीवर सिगरेट ओढावी आणि बोटीवरची हळूहळू कमी करावी. गणपतीचे पाच दिवस मी सिगरेटला हात लावत नाही, म्हणजे मला जमतं. मग एरवी का जमत नाही? भाच्याचं ऐकू का? नाव छापू नये. — एक नाखवा»

नाखवा,

उत्तर आधी देते, कारणं मागून सांगते. ते यंत्र वापरू नका. च्युइंगम मात्र पुन्हा घ्या, आणि या वेळी ते जसं चघळायचं असतं तसं चघळा. सोडायचा दिवस जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला धरा.

भाच्यावर रागावू नका. मामाला पालखीखालून बाजूला होऊन बसावं लागलं हे त्याच्या कानावर गेलं असणार, आणि जे हाताशी होतं ते तो घेऊन आला. दुबईत ही वस्तू २०१९ पासून दुकानात उघड विकली जाते. त्याच्या आजूबाजूला ती ओढून सिगरेट सोडलेले लोकही असतील. त्याला ती औषधासारखी वाटली तर त्यात नवल नाही.

पण «नुसती वाफ» हे खरं नाही. पेजेच्या टोपावरून येते ती वाफ. या यंत्रात पाणी उकळत नाही. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचं द्रव असतं, त्यात निकोटीन आणि आंबा, पुदिना असले स्वाद मिसळलेले असतात. बॅटरीवर तापणारी तार ते द्रव तापवते आणि त्याचे अतिबारीक थेंब छातीत जातात. सोबत तापलेल्या तारेतले निकेल, क्रोमियमसारखे धातू आणि फॉर्मॅल्डिहाइडही थोड्या प्रमाणात जातं.

आता दुसरी बाजूही तितक्याच सरळपणे सांगायला हवी, कारण तुम्हाला घाबरवून काही साधणार नाही. या यंत्रात काही जळत नाही. सिगरेटच्या टोकाला तंबाखू सुमारे ९०० अंशांवर जळतो. त्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात, त्यांतली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जळण्यातूनच येतात. म्हणून जो माणूस सिगरेट पूर्ण सोडून फक्त ई-सिगरेटवर येतो, त्याच्या शरीरात जाणारी विषं बरीच कमी होतात. ई-सिगरेट सिगरेटपेक्षाही घातक, असं कुणी ठासून सांगितलं तर तेही खरं धरू नका. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य संस्थेनं २०१५ मध्ये ही सिगरेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे असं म्हटलं होतं. तो तज्ज्ञांचा अंदाज होता, त्यावर बराच वादही झाला. पण तिथं डॉक्टर सिगरेट ओढणाऱ्याला ती सुचवतात, एवढं खरं.

भाच्याच्या «सहा महिन्यांत हीपण सोडा» या बोलण्याशी थेट संबंध असलेला एक अभ्यास सांगते. ब्रिटनमध्ये सिगरेट सोडवणाऱ्या सरकारी केंद्रांत आलेल्या ८८६ लोकांवर तो झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना ई-सिगरेट दिली, अर्ध्यांना निकोटीनचे पॅच, च्युइंगम वगैरे. वर्षभरानं पाहिलं तर ई-सिगरेटवाल्यांपैकी १८ टक्के सिगरेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. म्हणजे यंत्र चाललं. पण दोन गोष्टी त्या आकड्याच्या पोटात आहेत. दोन्ही गटांना पहिले किमान चार आठवडे दर आठवड्याला समुपदेशक समोर बसवून धीर देत होता. आणि ई-सिगरेटवर ज्यांनी सिगरेट सोडली, त्यांतले ८० टक्के वर्षानंतरही ई-सिगरेट ओढतच होते. च्युइंगम-पॅचवाल्यांत असं मागं राहिलेलं प्रमाण ९ टक्के. तुमच्या बायकोनं हा अभ्यास वाचला नसेल, पण तिचं म्हणणं निराधार नाही.

ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या यंत्रातल्या द्रवात निकोटीन किती असावं याची मर्यादा सरकारनं ठरवून दिलेली आहे, मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. आपल्याकडे तसा कुठला नियमच नाही, कारण वस्तूच बंद आहे. २०१९ च्या सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, वाटणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्याला बंदी. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठा करणाऱ्याला सहा महिने किंवा पन्नास हजारांपर्यंत. ओढणाऱ्याला शिक्षा असं कलम त्यात नाही, पण भाच्यानं दिलेलं यंत्र संपलं की पुढचं तुम्ही कुठून आणणार? ते चोरट्या बाजारातूनच येईल, आणि त्याच्या द्रवात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल. २०१९-२० मध्ये अमेरिकेत असल्या यंत्रांमुळे फुप्फुसांना इजा होऊन २,८०७ लोक रुग्णालयात गेले आणि ६८ दगावले. त्यातले बहुतेक चोरट्या मार्गानं आलेलं गांजाच्या अर्काचं द्रव ओढत होते, त्यात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट नावाचा तेलकट पदार्थ मिसळलेला होता. तुमच्या यंत्रात तसंच असेल असं मी म्हणत नाही. बाटलीवर विश्वास ठेवायला जागा नसली की काय होतं, तेवढं सांगते.

तरी या सगळ्यापेक्षा मला तुमची ती एक ओळ जास्त खटकली. घरी यंत्र, बोटीवर सिगरेट.

हे असंच करणारे पुष्कळ असतात. समुपदेशनाला येणाऱ्यांत मी हे नेहमी ऐकते. ऑफिसात हे, गच्चीवर ते. पोरांसमोर हे, मित्रांत ते. माणसाला वाटतं, आपण निम्मी सोडली. पण यंत्रामुळे घरात, जिथं आधी ओढता येत नव्हती तिथंही निकोटीन मिळायला लागतं, म्हणजे सवयीला एकही रिकामा तास उरत नाही. आणि बोटीवरच्या सिगरेटी कमी झाल्या तरी काळजाला त्याचा हिशेब तसा मिळत नाही. दिवसाला एकच सिगरेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असतो, असं २०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी करून दाखवलं गेलं. वीसची एक केली तर धोका विसावा भाग व्हायला हवा, असं आपल्याला वाटतं. तो निम्म्यावरच अडतो. तुम्हाला बीपी आहे, दम लागतो आहे. तुमच्या बाबतीत कमी करणं हा मुक्काम नव्हे, शून्यावरच यायला हवं.

आता खलाशांचं. मर्दासारखी सोडा म्हणजे कशाचाही आधार न घेता सोडा. हे फक्त तुमच्या बोटीवरचे म्हणत नाहीत. सिगरेट ओढणाऱ्यांच्या मनात हे फार खोल बसलेलं असतं, की औषध घेऊन सोडली ती खरी सोडली नाही. म्हणून ते गम घेत नाहीत, डॉक्टरकडे जात नाहीत आणि प्रत्येक वेळी हरल्यावर स्वतःलाच दुबळं ठरवतात. नुसत्या मनाच्या बळावर सोडणाऱ्या शंभरातले तीन ते पाचच सहा महिने ते वर्षभर टिकतात. बाकीचे पंच्याण्णव काय दुबळे असतात? वल्ही मारून जाणाराच तेवढा दर्यावर्दी आणि इंजिन लावलेला नाही, असं तुमचे खलाशी म्हणतील का? तुम्ही अकरा दिवस वल्ही मारून गेलात. ते मोठं काम होतं, आणि ते वाया गेलं असं मी मानत नाही.

आता तुमचा तो प्रश्न. गणपतीत जमतं, एरवी का नाही?

माझे बाबा विडी ओढायचे. आमच्याकडेही पाच दिवसांचा गणपती. चतुर्थीच्या आदल्या रात्री ते विड्यांचं बंडल आणि काडेपेटी पडवीच्या वाशात खोचून ठेवायचे आणि पाच दिवस तिकडे नजर टाकायचे नाहीत. विसर्जनाहून ओल्या पंच्यानिशी यायचे, पाटावरची वाळू देवापाशी ठेवायचे आणि तसेच पडवीत जायचे. आई म्हणायची, आजचा दिवस तरी राहू द्या. ते हसायचे आणि काडी ओढायचे. एकोणसाठाव्या वर्षी फुप्फुसांनी गेले. पुढं समुपदेशनाचं शिक्षण घेताना बाईंनी फळ्यावर निकोटीन सुटतानाच्या त्रासाचा आलेख काढला. पहिल्या दिवशी चढ, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत उंच, मग उतार, दोन ते चार आठवड्यांत बहुतेक सपाट. त्या फळ्याकडे बघताना मला वाशातलं बंडल आठवलं, आणि वर्गात बसवेना.

नाखवा, माझे बाबा दरवर्षी तो घाट चढून जात होते. सगळ्यांत अवघड वळण मागं टाकून पाचव्या संध्याकाळी परत खाली उतरत होते. त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण आम्हा कुणालाच ते माहीत नव्हतं. तुम्हाला मी सांगते आहे. तुम्हीही तेच करताय.

तुमचे ते पाच दिवस नीट उलगडून बघा. चतुर्थीच्या आधीच ठरलेलं असतं, म्हणून दर तासाला मनाशी वाद घालावा लागत नाही. वाडीतल्या सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी पाकीट पुढं करत नाही. हात आरतीत, भजनात, पानं वाढण्यात गुंतलेले असतात. रात्री उशिरापर्यंत माणसं सोबत असतात. आणि घरात ओढायची सोयच नसते. एरवी तुम्ही सोडता तेव्हा यातलं काहीच नसतं. तुम्ही एकटे सोडता, कुणाला न सांगता, आणि तांडेल बिचारा सवयीनं पाकीट पुढं करतो. त्याला कुठं माहीत होतं की तुमचा बारावा दिवस आहे?

एक विचारायचं राहिलं. त्या पाच दिवसांत पानात तंबाखू असते का? असेल तर ते पाच दिवस निकोटीनविना गेलेले नाहीत आणि आपला हिशेब थोडा बदलतो. आपल्या राज्यात धूर ओढणारे कमी आणि तोंडात धरणारे फार. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू, गुटखा, मिश्री असं काहीतरी खाणारे-लावणारे २४.४ टक्के. सिगरेट सुटली आणि मळलेली तंबाखू आली, असं किनाऱ्यावर फार घडतं. ती वाट धरू नका. तोंडाचा कॅन्सर झालेले पुरुष आणि मिश्रीनं दाढा गेलेल्या बायका मी जवळून पाहिल्या आहेत.

आता च्युइंगमचं. हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचं गम फसलं असं तुम्ही समजता. माझ्या मते ते चुकीच्या पद्धतीनं चघळलं गेलं. मळमळ आणि उचक्या ही त्याची खूणच आहे. नेहमीच्या च्युइंगमसारखं भराभर चावलं की निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं आणि पोट बिघडतं. ते गालातून शोषलं जायला हवं. हळू चावा, आठ-दहा वेळा, जिभेला तिखट चुरचुर जाणवेपर्यंत. मग चावणं थांबवा आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चुरचुर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा, जागा बदलून पुन्हा ठेवा. असं अर्धा तास.

त्याआधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, कोकम सरबत, सोलकढी, लिंबूपाणी काही घ्यायचं नाही. आंबटानं तोंडातलं निकोटीन शोषलं जात नाही, ते पोटात जातं. कोकणात हे सांगितलंच पाहिजे, कारण जेवण झालं की सोलकढीची वाटी आणि लगेच गम, अशानं चांगल्या चांगल्यांचं गम वाया गेलेलं मी पाहिलंय. जेवणानंतर साध्या पाण्यानं चूळ भरा, थोडं थांबा, मग घ्या.

ताकदीचंही बघा. जाग आल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली सिगरेट लागते, त्याला ४ मिलिग्रॅमचं गम लागतं. तुम्ही चहाआधी ओढता. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं ते २ मिलिग्रॅमचं. बहुधा तेच तुम्ही आणलं असणार, आणि तेही दिवसात तीन-चारच खाल्लं असेल. ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि बीपीची गोळी चालू असल्यानं त्यांना विचारणं तसंही भाग आहे. सुरुवातीचे सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला निदान आठ-नऊ. पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, त्यानंतरचे तीन चार ते आठ तासांनी, आणि बाराव्या आठवड्याच्या शेवटी बंद. लोक गम फार कमी खातात आणि फार लवकर थांबवतात. गमचं व्यसन लागेल ही भीती मनात असते. ज्याला धुरासकट निकोटीन पंचवीस वर्षं चाललं, त्यानं तीन महिने गमची भीती बाळगू नये.

डॉक्टर गमसोबत पॅचही देऊ शकतील. दंडावर चिकटवलेला पॅच दिवसभर हळूहळू निकोटीन देत राहतो आणि अचानक येणाऱ्या ओढीसाठी गम हाताशी असतं. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त चालतात. व्हेरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन नावाच्या गोळ्याही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्यासाठी जी औषधं सुचवली त्यांत त्या आहेत, पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या.

आता दिवस. १ जूनपासून जुलै संपेपर्यंत मासेमारी बंद असते. ट्रॉलर किनाऱ्याला, तुम्ही घरी. पहिला आठवडा बोट शाकारण्यात, इंजिन उघडण्यात आणि सामान उतरवण्यात जाईल, त्यात सोडू नका, डोकं तापलेलं असतं. दुसऱ्या आठवड्यातला एक वार ठरवा. तोवर डॉक्टरांकडे जाऊन या. पाऊस लागलेला असेल, जाळी शिवायला बसाल तेव्हा हात गुंतलेले राहतील, आणि ज्या वेळी तांडेल पाकीट पुढं करतो ती पहाट दोन महिने येणारच नाही.

गणपतीत करता तेच जूनमध्ये करा. वाडीला सांगा. खलाशांना, तांडेलाला, भावकीला, ज्या टपरीवरून घेता त्या टपरीवाल्यालाही. अमुक वारापासून मी ओढत नाही, मला देऊ नका. लाज वाटेल. मोडली तर लोक हसतील ही भीती असते, म्हणून माणूस गुपचूप सोडतो, आणि गुपचूप सोडलेली गुपचूप सुरू होते. घरातल्या खोल्यांतून, बोटीच्या केबिनमधून, मोटारसायकलच्या डिकीतून ॲशट्रे, लायटर, उरलेली पाकिटं काढून टाका. वाशात खोचून ठेवू नका.

पहिल्या आठवड्यात चहा निम्मा करा. सिगरेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन भराभर संपवत असतं. सिगरेट थांबली की तोच चहा जास्त चढतो, झोप उडते, धडधडतं, आणि माणसाला वाटतं हे सगळं सिगरेट नसल्यामुळे होतंय. तसंच, ओढ येते ती काही मिनिटांची असते. ती आली की जागेवरून उठा, पाणी प्या, खळ्यात फेरी मारा, गम तोंडात ठेवा. ती ओसरते. दर वेळी ओसरते.

एकटं वाटलं तर १८००-११-२३५६ हा नंबर लावा. सरकारची तंबाखू सोडवणारी मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं, आणि तुम्ही होय म्हणालात तर पुढं तेच अधूनमधून फोन करून विचारपूस करतात. हा नंबर २०१८ पासून तुमच्या खिशातल्या पाकिटावरही छापलेला असतो. त्या ब्रिटनमधल्या लोकांना दर आठवड्याला समोर बसून जे मिळत होतं, त्यातलं थोडं यातून मिळेल. जिल्हा रुग्णालयांतही राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली समुपदेशन मिळतं. कामासाठी रत्नागिरीला जाणं झालं तर चौकशी करा.

१ ऑगस्टला बोट सुटेल तेव्हा तुमचे सातएक आठवडे झालेले असतील. पहिली फेरी ही परीक्षा आहे, तिची तयारी जुलैतच करा. गम घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, खाऱ्या हवेत पाकीट मऊ पडतं. गमचा असर यायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून जाळं ओढून झाल्यावर न घेता, जाळं ओढायला घ्यायच्या आधीच तोंडात ठेवा. तांडेलाला पुन्हा आठवण करा. तरी एखादी ओढली गेलीच, तर ती एकच ओढली गेली. पाकीट घेऊ नका आणि तारीख पुन्हा पहिल्यापासून मोजू नका. दुसऱ्या दिवशी गम चालू ठेवा आणि मला लिहा, कुठं घसरलात ते.

भाच्याचं यंत्र. ते कपाटात ठेवू नका. तुमच्या घरात मुलं असतील, पर्यटकांचीही असतात. ते पेनड्राइव्हसारखं दिसतं, त्याला आंब्याचा वास येतो आणि त्यातलं द्रव लहान मुलाच्या पोटात गेलं तर विषबाधा होते. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरानं सहज ओढून पाहिलं तर कोवळ्या वयात निकोटीनची पकड फार लवकर बसते. कुणाला देऊनही टाकू नका, बंदरावर मागणारे दहा निघतील. आत लिथियमची बॅटरी आहे, ती चुलीत किंवा खाडीत टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. भाच्याला मात्र हे पत्र वाचायला द्या, आणि पुढच्या वेळी येताना मामासाठी खजूर आणायला सांगा.

बायकोशी एकदा नीट बोला. तिनं «एक काढून दुसरं» म्हटलं ते तुम्हाला टोचलं असेल, पण सिगरेट सोडणाऱ्याच्या चिडचिडीचे पहिले दोन आठवडे घरातलीच माणसं झेलतात. तिला आधीच सांगा की या दिवसांत माझा आवाज चढेल, मनावर घेऊ नकोस, आणि गम संपत आलं की मला आठवण कर.

बाकी राहिली ती विसर्जनाची संध्याकाळ. गणपती येतील तोवर गमचा शेवटचा टप्पा आलेला असेल, शरीराची मागणी जवळपास मिटलेली असेल. पण ती जागा, ती वेळ, ओले कपडे, घरी आल्यावरचं रिकामं मखर, या सगळ्याला पंचवीस वर्षांची सवय जडलेली आहे. त्या संध्याकाळी ओढ येणार, आणि जोरात येणार. म्हणून आत्ताच ठरवा की बंदरावरून परतताना तुमच्या सोबत कोण चालेल. ओढणारा मित्र नको. मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांच्या हातात पाट द्या. घरी येऊन वाळू देवापाशी ठेवली की सगळ्यांबरोबर तिथंच माजघरात बसा, वाटल्या डाळीचा प्रसाद घ्या. पडवीत रात्री उशिरा, सगळे झोपायच्या वेळेला जा.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला दोन ओळी टाका. मी वाट बघीन.

— तुमची ताई